एककढई गृहस्थ

ठाणे स्टेशनपासून कल्याणच्या खाडीपर्यंत पसरलेल्या मध्यमवर्गीय पट्ट्यात गेल्या काही वर्षांत एक नवा गृहस्थ दिसू लागला आहे. वय पस्तिशी ते पन्नाशी. नोकरी आयटीत, बँकेत, किंवा ज्याचं नेमकं वर्णन त्याच्या आईलाही करता येत नाही अशा कशात तरी. पूर्वी याच्या जागी ट्रेकवाला होता, त्याआधी शेअरवाला, आणि त्याच्याही आधी नाटकवाला. हा स्वयंपाक करतो. रोज नाही, रविवारी. आणि सगळा नाही, एकच पदार्थ: एका कढईतला खिमा आणि भाज्या. घोडबंदर रोडवरच्या विसाव्या मजल्यावर त्यात झुकिनी आणि तीन रंगांच्या ढोबळ्या मिरच्या पडतात, डोंबिवली पूर्वेला मटार-बटाटा-फरसबी. कल्याणचा गृहस्थ भाजीपेक्षा आपला खाटीक किती जुना आहे यावर जास्त बोलतो. पण एक वाक्य तिन्हीकडे सारखं असतं. ‘स्वयंपाकाचा लोक उगाच बाऊ करतात. एक कढई, अर्धा तास, विषय संपला.’ हे वाक्य तो जेवताना म्हणतो, सोसायटीच्या ग्रुपवर फोटोखाली लिहितो आणि सोमवारी लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धा टेकून शेजाऱ्याला ऐकवतो. हे वाक्य खरं नाही एवढंच मला म्हणायचं आहे. पण ते का खरं नाही, हे सांगायला कढईच्या जरा आत उतरावं लागेल.

पदार्थाचं मूळ अमेरिकेतलं. तिथे कामावरून आलेलं माणूस दुकानातून गोमांसाच्या खिम्याचं पाकीट आणतं, जाड बुडाच्या पसरट तव्यात परततं, त्यातच भाज्या टाकतं आणि तोच तवा टेबलावर ठेवतं. आपल्याकडे पहिल्याच पायरीला कायदा आडवा येतो. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६च्या कायद्याची, आणि २०१५च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीचं मांस तेवढं बाहेर राहिलं. आपला गृहस्थ त्या वाटेला जात नाही. तो मटणाचा खिमा आणतो, आणि किलोला सात-आठशे मोजल्यावर त्याच्या चालण्यातही फरक पडतो. शिवाय त्याची ही साधी पाककृती वर्षभर चालत नाही. सोमवार, गुरुवार, संकष्टी तर सोडाच. आषाढ संपला की अख्खा श्रावण कढई पालथी असते. १५ ऑगस्ट २०२५ला कल्याण-डोंबिवली महापालिकेने मांसाची दुकानं चोवीस तास बंद ठेवायला सांगितली, हा आदेश १९८८पासून दरवर्षी निघतो असंही सांगितलं, आणि राज्यभर वाद पेटला. त्या वादात हा गृहस्थ खाण्याच्या स्वातंत्र्यावर फार तळमळून लिहिता झाला. तो श्रावणातला शुक्रवार होता आणि त्याच्या घरी त्या दिवशी अंडंसुद्धा फुटणार नव्हतं, हा मुद्दा वेगळा.

आता कढईकडे येऊ. अमेरिकेतला तो पदार्थ खरोखर सोपा आहे, याचं कारण त्या तव्यात आणि त्या मांसात आहे. तिथल्या खिम्यात बऱ्याचदा पाचवा हिस्सा चरबी असते. ती तापली की वितळते, आणि भाज्या तिच्यातच परतून निघतात. आपल्या बोकडाच्या खिम्यात एवढी चरबी नसते, त्यामुळे तेल वरून घालावं लागतं. किती, हे तो ज्यावरून शिकला त्या व्हिडिओत सांगितलेलं नसतं, म्हणून ते भरपूर घातलं जातं. तवा सपाट असतो, कढई खोल. मांसाला जो खमंग तपकिरी रंग आणि वास येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे. आणि पाणी तर १०० अंशांवरच उकळून तापमान तिथेच धरून बसतं. अर्धा किलो खिमा कढईच्या वाटोळ्या बुडाशी एकदम ओतला की त्याचं पाणी सुटतं, ते उडून जायला जागा मिळत नाही, आणि खिमा परतण्याऐवजी करड्या रंगाने उकळू लागतो. गृहस्थ घाबरून मीठ आणि भाज्या त्यातच टाकतो. मिठाने भाज्यांचंही पाणी सुटतं. बटाट्याला वीस मिनिटं हवीत, ढोबळ्या मिरचीला पाच, पालकाला दोन. सगळे एकाच क्षणी आत गेल्यामुळे पालकाचा मागमूस राहत नाही आणि बटाटा कच्चाच राहतो. यावरचा उपाय कोणत्याही घरातली अनुभवी बाई सांगेल: खिमा थोडा थोडा घालून परतून काढून ठेव, बटाटा वेगळा तळून घे, मग सगळं एकत्र कर. उपाय अचूक आहे. फक्त त्यासाठी आणखी दोन भांडी लागतात.

भांड्यांचा हिशेब म्हणूनच काळजीपूर्वक करायला हवा, कारण गृहस्थाचा सगळा दावा त्यावर उभा आहे. खिमा धुवायची चाळणी, आलं-लसूण वाटायचं मिक्सरचं भांडं, चिरलेल्या भाज्यांच्या तीन वाट्या, खिमा मुरवायचा वाडगा, पहिलं करपलं म्हणून दुसरं उलथनं, आणि एक डिजिटल वजनकाटा. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याच्या मापांवर घराघरांना स्वयंपाक शिकवला, याला मात्र जिरं चार ग्रॅम आहे की पाच, हे कळल्याशिवाय गॅस पेटवता येत नाही. ही सगळी भांडी ‘एक कढई’ या संज्ञेत मोडत नाहीत, कारण फोटोत ती नसतात. अर्धा तासही असाच मोजलेला. तो सुरू होतो तेल तापल्यावर आणि संपतो गॅस बंद केल्यावर. खाटकाकडची रांग, मटार सोलणं, कोथिंबीर निवडणं आणि नंतर ओट्यावरचं तेल पुसणं या दोन टोकांच्या बाहेर राहतं. डोंबिवली स्टेशनाबाहेर संध्याकाळी सोललेले मटार, निवडलेली मेथी आणि चिरलेली फरसबी पिशव्यांतून मिळते, ती या अर्ध्या तासाची खरी जननी. जिथे पिशवी नसते तिथे आई असते. आणि ‘अगं, हळद कुठाय?’ या प्रश्नाला उत्तर देणारी जी व्यक्ती दिवाणखान्यात आराम करत असल्याचं मानलं जातं, ती त्या अर्ध्या तासात सहा वेळा उठलेली असते.

पण मला त्याची सगळ्यात गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीसाठी. एका भांड्यातलं जेवण त्याने शोधून काढलं, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. खिमा-मटार हा कल्याणच्या मुसलमान घरांत, ठाण्या-डोंबिवलीच्या कायस्थ प्रभू घरांत पिढ्यान्‌पिढ्या एकाच पातेल्यात शिजत आला आहे. मसालेभात, वरणफळं, पिठलं, भाज्या घातलेली मुगाची खिचडी, ही सगळी एका भांड्याचीच जेवणं. १९१० साली कोलकात्याच्या इंदुमाधव मलिक या डॉक्टरांनी ‘इक्मिक कुकर’ काढला: एकावर एक डबे, खाली कोळसा, भात-डाळ-मटण एकदमच तयार. पुढे प्रेशर कुकर आला. त्यात दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास पोचतं आणि डाळ निम्म्याहून कमी वेळात शिजते. हॉकिन्सचा कारखाना तर ठाण्यातच, वागळे इस्टेटीच्या बाजूला. म्हणजे एका भांड्याच्या जेवणाचं यंत्र या गृहस्थाच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर तयार होत आलं, आणि त्याला ते मोबाइलवरच्या साहेबाकडून कळलं! ठाणे-कल्याणच्या लेडीज डब्यात मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलणारी, शेंगा मोडणारी बाई रात्री आठला घरी पोचून तांदूळ, डाळ आणि त्याच भाज्या कुकरात लावते, तीन शिट्ट्या काढते आणि सगळ्यांना वाढते. एक भांडं, अर्धा तास, विषय खरोखरच संपलेला. तिच्या कुकराचा फोटो कोणी काढत नाही. तीही काढत नाही, तिला उद्याचे डबे भरायचे असतात. जेवण जुनंच आहे, नवीन आहे तो फक्त त्याच्यावर नाव घालणारा कर्ता.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. निदान तो ओट्याजवळ उभा तरी राहतो. त्याच्या वडिलांना गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरतं हेही माहीत नव्हतं. अशाची टिंगल केली तर तो पुन्हा सोफ्यावर जाऊन बसेल, मग काय मिळवलंत? हे मला मान्य आहे, आणि आकडेही त्याच्या बाजूने बोलतात. २०१९च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात, दिवसभरात घरची बिनपगारी कामं करणाऱ्यांचं प्रमाण बायकांत ८१.२ टक्के आणि पुरुषांत २६.१ टक्के निघालं. जे करतात त्यांचा सरासरी वेळ बायकांचा २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. गृहस्थाचा तो अर्धा तास घड्याळाने मोजला तर दोन तासांच्या खाली येत नाही. म्हणजे रविवारी तो चक्क राष्ट्रीय सरासरीच्या वर असतो, आणि हे त्याच्या खात्यावर जमा केलंच पाहिजे. त्याच्या खिम्याबद्दल माझी तक्रार नाहीच. तक्रार आहे ती त्या खिम्यावरून काढलेल्या निष्कर्षाबद्दल. आठवड्यातून एकदा, आवडीने, निवडलेल्या भाज्यांवर केलेल्या कामावरून तो रोजच्या, नावडत्या, न निवडलेल्या कामाची किंमत ठरवतो आणि ती फार कमी ठरवतो. ‘बाऊ करतात’ या शब्दांत जे ‘लोक’ आहेत ते कोण, हे त्याच्या घरात सगळ्यांना कळतं.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे, आणि तो बहुधा गृहस्थ स्वतःच घेईल. कोण सगळं स्वतः करतं? पीठ गिरणीतून येतं, मसाला पाकिटातून, पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून. मग चिरलेल्या भाजीवरच डोळा का? उत्तर सोपं आहे. पोळी-भाजी केंद्राच्या काउंटरवर बाई पैसे घेते आणि मोजून पोळ्या देते. त्या व्यवहारात कोणी ‘पोळ्या मी केल्या’ म्हणत नाही. डोंबिवलीच्या अर्ध्या घरांचा संसार या केंद्रांवर तरून जातो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुसऱ्याच्या हातचं वापरावं, जरूर वापरावं, पण हिशेबात धरावं. गृहस्थ ते धरत नाही. ऑफिसात एक्सेलच्या रकान्यातला रुपया चुकला तर तो रात्री अकरापर्यंत शोधत बसतो. घरच्या ओट्यावरचा हिशेब मात्र त्याला तोंडी चालतो.

त्याला सुधारायचं असेल तर उपदेशाचा उपयोग नाही, तो त्याचाही व्हिडिओ करील. त्याला फक्त बुधवार द्यावा. साडेसहाची गच्च भरलेली लोकल, दिव्याला दहा मिनिटं खोळंबा, घरात एक बटाटा आणि पाव जुडी कोथिंबीर, मुलाची सकाळी परीक्षा, आणि सासऱ्यांना तिखट चालत नाही. त्यात एक कढई आणि अर्धा तास. जमलं तर तो खरोखर स्वयंपाकी झाला, आणि त्या दिवशी तो फोटो टाकायला विसरेल. तोपर्यंत रविवारी रात्री डोंबिवलीत या गृहस्थाच्या घरचं कोणीतरी कापडी पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या केंद्रापर्यंत जाऊन येतं, कारण खिम्याबरोबर खायला लागणाऱ्या पंधरा पोळ्या त्या कढईत होत नाहीत.