हौसेचा बर्फ

डिसेंबर उजाडला की नाशिककरांना थंडी कमी पडू लागते. जिल्ह्यातल्याच निफाडचा पारा २०१८च्या डिसेंबरात १.८ अंशांवर उतरला होता. द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. पण या फुकटच्या गारठ्यात फोटो कुठे बरे येतात? म्हणून कानटोप्या, चिवड्याचे डबे आणि आजी यांच्यासकट मंडळी गाडीने थेट मनालीला.

२३ डिसेंबर २०२४ रोजी मनालीजवळ सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात सुमारे हजार गाड्या बर्फात अडकल्या. बोगदा ९.०२ किलोमीटरचा, एकदम अव्वल. पण बर्फाला तेवढी जाण नाही, तो बाहेरच्या रस्त्यावर पडला. घसरड्या बर्फावर ब्रेक दाबला की गाडी आडवी होते, आणि कसारा घाटात तयार झालेला पाय नेमका ब्रेकवरच जातो. मागच्या सीटवरून काका ओरडतात, "रेस दे, रेस!" चाकं जागच्या जागी गरगरतात.

घरी परतल्यावर निकाल ठरलेला: "तिकडचं प्रशासन अगदीच ढिसाळ हो! एक रस्ता साफ होईना?" हेच काका पावसाळ्यात मुंबईला जाताना खड्ड्यांसाठी दोन तास आधी निघतात आणि त्याला नियोजन म्हणतात.

बर्फ निदान उन्हाने वितळतो. आपल्या खड्ड्यांना निविदा लागते.