आधीचा मालक

गंजोबा हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. शेजारच्या मराठी बिऱ्हाडानं, म्हणजे आम्ही, ते ठेवलं आणि त्यांना अजून सांगितलेलं नाही. इंग्लंडातल्या मिडलंड्सच्या एका उपनगरात राहणारा हा निवृत्त विमा अधिकारी इतका सज्जन, की दुकानात आपण त्यांच्या पायावर पाय दिला तर सॉरी तेच म्हणतात. जगात ते एकाच माणसाचा द्वेष करतात, आणि त्याला त्यांनी कधी पाहिलेलंही नाही. त्याचं नाव कागदपत्रांत आहे, पण गंजोबा ते उच्चारत नाहीत. ‘आधीचा मालक’ म्हणतात, आणि म्हणताना हातातला कप खाली ठेवतात.

या माणसानं त्यांना १९७१ची एमजीबी ही स्पोर्ट्स कार विकली. उघड्या टपाची, दोन माणसांची, लाल. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात सगळ्या प्रकारच्या मिळून पाच लाखांवर एमजीबी बाहेर पडल्या. वरून बघाल तर नवरीसारखी. गंजोबांनी घरी आणून दाराखाली लोहचुंबक लावलं, ते चिकटेना. छिन्नी लावली, तर आत लांबी, म्हणजे पुट्टी. लांबीखाली कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणि जाळीखाली वर्तमानपत्राचे बोळे. पत्रा असा नव्हताच. तो कागद गंजोबांनी इस्त्री करून ठेवला आहे. त्यात कुठल्याशा शनिवारचे फुटबॉलचे निकाल आहेत. “म्हणजे हे पाप रविवारी केलं,” ते म्हणतात.

पापाचं गांभीर्य आम्हाला कळेना, तेव्हा त्यांनी शिकवणी घेतली. या गाडीला वेगळी चॅसी नाही. टप नाही, म्हणून वरूनही आधार नाही. सगळा भार दोन्ही दारांखालच्या पोकळ पेट्यांवर. त्यांना ते ‘सिल’ म्हणतात. पुढच्या चाकानं उडवलेला चिखल मडगार्डच्या तळाशी साठतो, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ त्यात मुरतं आणि पत्रा आतून जायला लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, म्हणून रंगावर बारीक फोड येतो. फोड दिसला तेव्हा आतला कारभार आटोपलेला असतो. आणि सिल नुसता कापून काढला तर गाडी मध्ये खचते, मग दारं जन्मात लागत नाहीत. म्हणून गंजोबांनी आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टी आडवी वेल्ड केली. आता दार लागण्याचा प्रश्नच उरला नाही. संध्याकाळी ते पट्टीवरून टांग टाकून आत शिरतात आणि स्टिअरिंग धरून बसतात. चाकं काढलेली आहेत. इंजिन कोपऱ्यात गोधडीखाली आहे.

तेव्हापासून त्यांची नजर बदलली. कुणाच्याही घरी गेले की यजमानाशी हस्तांदोलन आणि लगेच त्याच्या गाडीच्या मडगार्डवर टकटक. आवाज बद्द आला तर चेहरा पडतो, पण बोलत नाहीत. डॉक्टर वाईट बातमी आधी नातेवाइकांना सांगतात, तसे ते यजमानाच्या बायकोला बाजूला घेऊन सांगतात. थंडीत पालिकेची मीठ टाकणारी लॉरी आली की गल्ली सुटकेचा निःश्वास टाकते, गंजोबा पडदा ओढून घेतात. जेवणातलं मीठही त्यांनी कमी केलं आहे. कारण रक्तदाबाचं सांगतात. आमचा विश्वास नाही.

एकदा मी मराठी व्यवहारबुद्धीनं सुचवलं, की १९८८पासून या गाडीची अख्खी बॉडी मूळ साच्यांवर नवी करून मिळते, ती का घेत नाही? ते दुखावले. “मग ती माझी गाडी कशी राहील?” त्यानंतर त्यांनी नवी फरशी आणली, दोन्ही सिल आणले, पुढची मडगार्डं आणली. सगळं ती बॉडी करणाऱ्या कंपनीचंच, पण एकेक करून.

वेल्डिंग त्यांनी वयाच्या साठीत शिकून घेतलं. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. सलग टाका घातला तर तापून वेडावाकडा होतो, नाहीतर भोक पडतं. म्हणून एक टिपका इथे, दुसरा वीतभर लांब, मग पत्रा निवेपर्यंत थांबायचं. निवेपर्यंत चहा. या हिशेबानं फूटभर टाक्याला किटली लागते.

चहा करणाऱ्या त्यांच्या पत्नीला आम्ही मनातल्या मनात वहिनी म्हणतो. त्यांची चालती गाडी बारा महिने रस्त्यावर पावसात उभी असते, कारण गॅरेजात न चालणारी आहे. त्या तक्रार करत नाहीत. एकदाच म्हणाल्या, “त्या आधीच्या मालकाला मला भेटायचंय. ही त्यानं विकली कशी, तेवढं विचारीन.”

२०१८पासून चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना सरकारनं वार्षिक तपासणी माफ केली. जुन्या गाड्यांचे मालक खूश झाले, गंजोबा चिडले. “सरकारनं डोळे मिटले म्हणजे गंज थांबतो?” गाडी रस्त्यावर आली की आपण होऊन तपासून घेणार, अशी त्यांची प्रतिज्ञा आहे. शिवाय एक जाडजूड फाइल केली आहे, ‘पुढच्या मालकासाठी’. प्रत्येक टप्प्याचा फोटो, आणि खाली सुवाच्य अक्षरात एक तर ‘आधीच्या मालकाचं काम’ नाहीतर ‘माझं काम’. पुढच्या मालकानं आपल्याला शिव्या घालू नयेत, एवढीच त्यांची इच्छा.

परवा हाक न मारता गॅरेजात डोकावलो. गंजोबा मागच्या चाकाच्या कमानीपाशी उकिडवे बसले होते. वेल्डिंग झालं होतं, पण पत्रा एके ठिकाणी केसभर खाली बसला होता. त्यांच्या हातात पत्र्याचा डबा. लांबीचा.

“हे वेगळं,” ते घाईनं म्हणाले. “खाली अस्सल पत्रा आहे. हा नुसता एक हात.”

दुसऱ्या दिवशी फाइल चाळली. मागच्या कमानीचा वेल्डिंगचा फोटो होता, प्रायमरचा होता. मधलाच नव्हता. मी विचारलं.

“त्या दिवशी,” गंजोबांनी कप खाली ठेवला, “फोनची बॅटरी संपली होती.”