पंचावन्न मिनिटांचा संसार

दीक्षित की दिवेकर, एवढंच महाराष्ट्रात पत्रिका जुळवताना विचारायचं राहिलं होतं. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, तेही कडकडून भूक लागेल तेव्हा, आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. ऋजुता दिवेकर सांगतात, उपाशी राहू नका, थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खा, तुपाला घाबरू नका, आपल्या मातीतलं आणि हंगामाचं खा. दोघांच्याही व्याख्यानांना गर्दी, दोघांचेही भक्त कट्टर. हे दोन पंथ दोन वेगळ्या गावी नांदते तर माझी काही तक्रार नव्हती. ते एकाच टू-बीएचकेत नांदतात आणि त्यात स्वयंपाकघर एकच असतं.

नमुना म्हणून आमच्याच सोसायटीतलं एक घर घ्या. (फ्लॅट नंबर सांगत नाही, वार्षिक सभेत तोंड दाखवायचंय.) सासरे दीक्षितपंथी. सासूबाई दिवेकरपंथी, त्यातही मुख्यतः तुपापुरत्या. मुलगा सोळा तास उपाशी राहतो आणि उरलेल्या आठ तासांत त्याचा वचपा काढतो, शिवाय जिमवाल्याने गळ्यात मारलेला प्रोटीन पावडरचा डबा आहेच. नातीने ग्लूटेन सोडलंय, पिझ्झ्याचा वार वगळून. सुनेचा पंथ कुठला, हे कुणी विचारलेलं नाही. ती उरलेलं खाते.

सकाळी सहाला ओट्यावर चार पेले मांडलेले असतात. एकात रात्री भिजवलेल्या मेथीचं पाणी, दुसऱ्यात उकळलेलं जिऱ्याचं, तिसऱ्यात कोमट लिंबू-मध, चौथ्यात आवळ्याचा रस. चारही पेले स्टीलचे, चारही झाकलेले, आणि कुठला कुणाचा हे फक्त सुनेला ठाऊक. एकदा अदलाबदल झाली तर सासऱ्यांना दिवसभर ‘शुगर वाढल्यासारखी’ वाटत होती. मग भाकरी दोघांना, पोळी दोघांना, भाजी एकच पण तीन फोडण्यांची: एक कमी तेलाची, एक तुपातली, एक बिनमिठाची. ५५ मिनिटं जेवायची झाली. ते शिजवायला किती लागतात, हा प्रश्न कुठल्या व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत आलेला माझ्या कानावर नाही.

बिनमिठाच्या भाजीचं जरा सांगतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. सासऱ्यांना बीपी आहे, ते हा नियम कडक पाळतात. भाजीत. पापड, लोणचं, खारे दाणे आणि संध्याकाळचा फरसाण हे नियमाच्या कक्षेबाहेर आहेत. भाजी अळणी लागते म्हणून तर लोणचं लागतं, असं त्यांचं म्हणणं, आणि तर्कात खोट काढता येत नाही.

बागेतल्या सल्ल्याचा मात्र मला खरा राग आहे. फिरायच्या बागेबाहेर सकाळी रसवाला उभा असतो: कारलं, दुधी, गव्हांकुर, कडुनिंब. गिऱ्हाईक बहुतेक साठीपुढचे पुरुष, आणि त्यांचा सिद्धान्त असा, की जितकं कडू तितकं औषध. आता २०१० साली दिल्लीत एका वैज्ञानिकाचा दुधीचा कडू रस पिऊन मृत्यू झाला होता. म्हणजे ज्याला रसायनं कळायची शक्यता आपल्यापेक्षा जास्त, असा माणूस. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचं सांगणं साधं होतं. दुधीचा छोटा तुकडा आधी चाखून बघा, कडू लागला तर रस काढूच नका. काढलेला रस कडू लागला तर फेकून द्या, दुसऱ्या रसात मिसळून तो कडवटपणा झाकू नका. प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब झाले तर घरी लिंबू-सरबत करत न बसता रुग्णालय गाठा. दुधी, काकडी, दोडका या कुळात कुकरबिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं, ते वाढलं की विषारी ठरतं.

समितीने हे सांगायच्या कितीतरी आधीपासून बायका दुधी चिरताना काय करतात ते आठवा. देठाकडची चकती कापायची, जिभेच्या टोकाला लावायची, आणि कडू निघाला तर अख्खा दुधी कचऱ्याच्या बादलीत. भाजीवाल्याला दुसऱ्या दिवशी दोन शब्द ऐकवायचे ते वेगळे. घरात ज्ञान ओट्यावर होतं. सल्ला आणायला मंडळी बागेत गेली.

बाग निघालीच आहे तर दहा हजार पावलांचंही बोलून टाकू. हा आकडा कुठल्या वैद्यकीय परिषदेत जन्मलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानात चालण्याची हवा होती, तिचा फायदा घेत १९६५ मध्ये एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं आणि नावातच दहा हजार घातले. चालणं चांगलंच, त्याबद्दल वाद नाही, आणि दहा हजारांच्या आत थांबलात तरी फायदा होतोच. पण त्या घरातले सासरे रात्री साडेनऊला ९,४०० वर अडकले, की हॉल ते बाल्कनी येरझाऱ्या सुरू होतात, मोबाइल हातात धरून. त्याच वेळी सून ओटा पुसते, डबे फ्रिजमध्ये सारते, वाळलेले कपडे आत आणते, दूध झाकते, दही लावते. तिची पावलं कुणी मोजत नाही, कारण तिच्या ड्रेसला खिसा नाही आणि मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो. वर येरझाऱ्यांच्या वाटेतून जरा बाजूला हो, असंही तिलाच सांगितलं जातं.

मुलाच्या डब्याबद्दल फार लिहीत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात स्नायू कमवायला प्रोटीन पावडरी घेऊ नका असं स्पष्ट म्हटलंय. अर्थात जिमवाल्याच्या दंडापुढे संस्थेचं काय चालणार. एकादशीलाही हात लावत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, हे दीक्षितपंथी सासऱ्यांना ठाऊक आहे, पण त्या दिवशी ते वारकरी असतात.

तर एकदा घरी तपासणीचं पॅकेज आलं. संपूर्ण शरीर, चौघांच्या किमतीत पाचवा फुकट. रक्त घ्यायला लॅबचा माणूस सकाळी सातला हजर. सगळे उपाशीपोटी सोफ्यावर ओळीने बसले, सून उपाशीपोटीच आत उभी होती, कारण रक्त दिल्यावर चौघांना लगेच काहीतरी लागणार होतं. तिचा नंबर शेवटी, पोळपाट-लाटण्यावरून हात पुसत. रिपोर्ट आले. सासऱ्यांच्या कोलेस्टेरॉलवर दोन दिवस चर्चासत्र झालं, नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याचा फोटो गेला, मावसभावाने लसणाचा उपाय पाठवला. सुनेचं हिमोग्लोबिन ९.४ होतं. १२ च्या खाली गेलं की स्त्रियांमध्ये त्याला रक्तक्षय म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, “बाईमाणसाचं एवढं असतंच गं. खजूर खा.”

असतंच हे खरंच आहे, हीच पंचाईत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या, त्याच वयाच्या पुरुषांत शंभरात २५. म्हणजे ज्या हातांनी चार पंथांची ताटं वाढली जातात, त्यातल्या निम्म्याहून अधिक हातांत रक्त कमी. तिला दम लागतो, जिना चढताना थांबावं लागतं, केस गळतात. त्यावर घरचं निदान तयार असतं: दगदग करतेस फार. दगद‍ग कुणाची, हे निदानात येत नाही.

शिवाय ती सडपातळ आहे, त्यामुळे तिच्याकडे बघून सगळे निश्चिंत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच गंमत छापली होती. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३, युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. बारीक दिसणं हे आपल्याकडे काही प्रमाणपत्र नव्हे, एवढं त्या दोन आकड्यांत पुरेसं कळतं. पण हा लेख ग्रुपवर फिरत नाही. त्यात लसूण नाही.

डॉक्टरांनी तिला लोहाची गोळी लिहून दिली. घरातल्या सगळ्या डब्या-बाटल्यांत तीच सर्वांत स्वस्त, आणि तीच घ्यायची विसरली जाते, कारण तिची आठवण करून देणारं माणूस घरात एकच आणि ते तीच. डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळ, त्याने अन्नातलं लोह नीट अंगी लागतं. आणि जेवणाला लागून चहा पिऊ नकोस, त्यातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही, तासाभराने घे.

लिंबाचं लगेच जमलं. चहाचं अडलंय. सगळ्यांची ताटं उचलून झाल्यावर ती जेवते, आणि तिचा घास संपेपर्यंत घराची चहाची वेळ झालेली असते. पातेलं चढतंच, त्यात तिचाही कप धरलेला असतो. तासाभराने तिच्या एकटीसाठी पुन्हा गॅस पेटवायचा, तर सासऱ्यांचा सवाल आहे की सिलिंडर काय फुकट येतो का.