मोठ्या शेगडीचा गृहस्थ

मोठ्या शेगडीचा गृहस्थ मुख्यतः इंग्लंडातल्या जुन्या दगडी घरांत आढळतो. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी सुखाची, राग फक्त गॅसच्या बिलावर. बैठकीच्या खोलीत काचेच्या दाराची, लाकूड जाळणारी लोखंडी शेगडी, तिकडच्या बोलीत ‘लॉग बर्नर’, बसवायची असे तो एका ऑक्टोबरात ठरवतो आणि दुकानात शिरताच सगळ्यांत थोरल्या शेगडीपुढे जाऊन उभा राहतो.

शेगडी केवढी हवी, हे गणित खरे तर पाचवीतल्या मुलाचे आहे. खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये मोजून गुणायची आणि आलेल्या घनफळाला १४ने भागायचे; उत्तर किलोवॅटमध्ये येते. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच खोलीचे घनफळ ४८ घनमीटर, म्हणजे शेगडी साडेतीन किलोवॅटच्या आसपास. भिंती-खिडक्यांतून ऊब फार गळत असेल तर १०ने भागतात. घर नव्या बांधणीचे, फटी नसलेले असेल तर २५नेही. कसेही भागले तरी अशा खोलीला पाच किलोवॅट पुरून उरतात.

मोजमाप गृहस्थही करतो, पण खोलीचे नव्हे, भिंतीतल्या कोनाड्याचे. पूर्वी जिथे घराची चूल धडधडायची तो हा कोनाडा; कित्येक घरांत माणूस वाकून आत शिरेल एवढा असतो. त्यात छोटी शेगडी ‘शोभत नाही’. म्हणून आठ किलोवॅट. बायकोने शंका काढलीच, तर उत्तर तयार असते: मोठी मंद ठेवता येते, छोटी मोठी करता येत नाही.

ऐकायला हे बिनतोड वाटते, आणि सगळा घोटाळा इथेच आहे. लाकूड बटण फिरवून मंद होत नाही. त्याची हवा तोडली की ते जळायचे सोडून धुमसू लागते. त्यातून निघणारे वायू न पेटताच धुराड्यात चढतात, तिथे गार होतात आणि त्यांचे डांबर आतून चिकटत जाते. थर पुरेसा साचला की एखाद्या रात्री धुराडेच पेट घेते.

पहिल्या जानेवारीत बाहेर दहिवर आणि आत मे महिना असतो. गृहस्थ अर्ध्या चड्डीत, खिडक्या सताड उघड्या, कुत्रा स्वयंपाकघराच्या फरशीवर जाऊन निजलेला. मग हवेचा खटका बंद होतो आणि दोन दिवसांत काच काळीकुट्ट होते. जाळ बघत बसावे म्हणून घेतलेल्या शेगडीत जाळच दिसेनासा होतो. रोज सकाळी वर्तमानपत्राचा ओला बोळा राखेत बुडवून गृहस्थ काच घासतो. काच त्याने खरोखरच लख्ख निघते. वर्तमानपत्राचा एवढा उपयोग त्याला आधी ठाऊक नव्हता.

पाच किलोवॅटच्या वर गेले की नियमाप्रमाणे जुन्या घरातही भिंतीला हवेसाठी कायमचे उघडे भोक ठेवावे लागते. त्यातून बोचरा वारा थेट घोट्याशी येतो, म्हणून गृहस्थ त्यात जुना पायमोजा कोंबतो. हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साईड खोलीत साचू शकतो. २०१०पासून इंग्लंडात नव्या शेगडीबरोबर त्याचा अलार्म लावणे सक्तीचे आहे ते याचसाठी. मोजा अखेर बाहेर निघतो, बहुधा बायकोच्या हातून.

उलट जातीचा, म्हणजे फार छोटी शेगडी घेणारा गृहस्थ विरळा. तो दर अर्ध्या तासाला ढलप्या सारत राहतो आणि शेगडी तापून लाल होईतो जाळ करतो. त्याचे वेगळे वर्णन करण्याइतके नमुने मिळत नाहीत.

दोन-तीन हिवाळ्यांनंतर मोठी शेगडी ‘जेमतेम वापरलेली’ म्हणून विकली जाते आणि पाच किलोवॅटची येते. खोली सोसवेल इतकीच तापते, काच स्वच्छ राहते, घासायला काही उरत नाही. गृहस्थाची हौस मग लाकडांकडे वळते. जळणात ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा आणि ओक वाळायला दोन वर्षे लागतात, हे तो आल्यागेल्याला सांगतो. दोन टोकदार सुयांचे ओलावामापक यंत्र खिशात बाळगतो. रचलेल्या ढिगातले एकूण एक ओंडके टोचून झाले की त्याची नजर घरात फिरू लागते. जेवणाच्या टेबलाचा पाय ११ टक्के भरला.