वेताळाचे वारसदार

पन्नाशीकडे झुकलेली माणसं गुडघे जपतात, मी इंद्रजाल कॉमिक्स जपतो. चारचौघांत मी स्वतःला 'संग्राहक' म्हणवतो. बायको 'रद्दी' म्हणते, तेही पाहुण्यांसमोर. तिचं म्हणणं असं, की आईने किलोवर घातलेला माल मुलाने नगावर परत आणावा, याला छंद म्हणत नाहीत. मग मी पाहुण्यांकडे वळून माहिती देतो: सुरुवात १९६४, किंमत ६० पैसे, १९९० मध्ये बंद, ८०० च्या वर अंक! पाहुणे चहा संपवतात.

अंक हाताळण्याआधी मी हात धुतो आणि पंख्याखाली वाळवतो. प्रत्येक अंक पारदर्शक पिशवीत, पाठीला पुठ्ठा. मुखपृष्ठ बघताना मी "गोविंदांचा कुंचला बघा!" असं पुटपुटतो. शाळेत एलिमेंटरी ड्रॉइंगला माझी दांडी उडाली होती, हे पाहुण्यांना ठाऊक नसतं.

हा खटाटोप पुढच्या पिढीसाठी आहे, असं मी सांगतो. आता पिढ्यांचा विषय निघालाच आहे, तर इंद्रजालमधल्या वेताळाबद्दल, म्हणजे फँटमबद्दल, दोन शब्द बोलू द्या. ली फॉकने हा वेताळ १९३६ साली आणला, पण घराण्याची शपथ १५३६ ची. कवटीवर हात ठेवून पहिल्याने ती घेतली आणि तिथून बाप गेला की मुलगा, असे एकवीस वेताळ झाले. चारशे वर्षांत एकाही पोराने "बाबा, मला कॉमर्सला जायचंय" म्हटलं नाही! राहत्या गुहेला भाडं नाही, सोसायटीचा मेंटेनन्स नाही, हे मान्य. पण डेंकालीच्या जंगलातल्या उकाड्यात तो जांभळा, अंगाला चिकटलेला पोशाख? घामोळ्यांचा उल्लेख गुहेतल्या पूर्वजांच्या त्या जाडजूड वह्यांत असणारच, आपल्याला दाखवत नाहीत एवढंच. शिवाय एकविसावा सावकाश गडी. डायना १९३६ पासून ओळखीची, लग्न १९७७ मध्ये! आमच्याकडे एवढ्या काळात मुलीकडच्यांनी पत्रिका परत मागवली असती. पण डायना संयुक्त राष्ट्रसंघात नोकरीला, तिलाही घाई नसावी. १९७९ मध्ये जुळं झालं, किट आणि हेलॉईज, आणि घराण्याचा जीव भांड्यात पडला.

माझा वारसदार चौथीत आहे आणि ती मुलगी आहे. परवा कपाट उघडं राहिलं. बघतो तर ही जमिनीवर पालथी, एका हाताने चिवडा, दुसऱ्या हाताने वेताळ. मी जो ओरडलो, तो वेताळालाही शोभला नसता.

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, यात नाव लिहिलंय."

पहिल्या पानावर निळ्या बॉलपेनने एका मुलाचं नाव होतं, खाली 'इयत्ता पाचवी ब', त्याखाली पुस्तक चोरणाऱ्याला शाप. या नावामुळेच विक्रेत्याने भाव कमी केला होता. त्याच्या भाषेत तो 'डॅमेज'.

"या दादाने विकून का टाकलं?"

"त्याच्या आईने विकलं असेल."

"त्याला विचारलं होतं?"

मला उत्तर सुचलं नाही. त्या पोराने ती प्रत टाचण्या निखळेपर्यंत वाचली होती. माझ्या पिशव्यांतले करकरीत अंक मात्र कुणीच वाचलेले नाहीत. ज्याला मूलच भेटलं नाही, अशा अंकाला आम्ही 'मिंट' म्हणतो आणि तिप्पट पैसे मोजतो. मला स्वतःचा राग आला, आणि भाव ठरवणाऱ्यांचा त्याहून जास्त.

तोवर तिचं वाचून झालं होतं. "पुढची वेताळ हेलॉईज का नाही होणार?"

मी घाईघाईने सांगितलं, की पूर्वीच्या एका वेताळाची बहीण ज्युली हिने काही काळ तो पोशाख चढवला होता.

"काही काळच?" असं म्हणून तिने मान हलवली, पिशवीतून पुढचा अंक ओढला आणि नाव घालायला पेन मागितलं.

मी पेन्सिल दिली. शेवटी संग्राहक आहे मी.