भर मे महिन्यात हीटर

गाडीचं कूलंट घरी बदलणं हे तसं सोपं काम आहे. ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलणं अवघड. वार्षिक सभेला आमच्याकडे कोरम होत नाही, पण एखादं बोनेट उघडं दिसलं की पूर्ण होऊन वर चार माणसं उरतात.

माझी एसीवाली मारुती ८००. रेडिएटरखाली घमेलं सरकवून नळ सोडला, तर टपरीवरच्या चहासारखं तांबूस पाणी आलं. "गंज!" तळमजल्यावरचे काका खुशीत म्हणाले. त्यांची पद्मिनी म्हणे जन्मभर नळाच्या पाण्यावर बोरघाट चढली. घाटात ती बोनेट उघडून किती वेळ विसावायची, ते काकू सांगतात. नळाच्या, त्यातही बोअरच्या, पाण्यातले क्षार आत थरावर थर चढवतात. म्हणून आतून धुऊन झाल्यावर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरायचं. काकांना हा शुद्ध पैशांचा चुराडा वाटतो.

खरी करमणूक हवा काढताना. भरताना हवा आत कोंडते, आणि जिथे हवा तिथे पाणी पोचत नाही. म्हणून झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करायचं आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, कारण हीटरच्या पोटातही एक छोटा रेडिएटर असतो आणि हवा तिथेही दडी मारते. ऊन रणरणत असताना मला हीटर लावून घाम पुसत बसलेलं पाहून वॉचमनने विचारलं, "साहेब, थंडीताप आलाय का?"

ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना थर्मोस्टॅट उघडला. वरचा होज पाइप हाताला चटका देऊ लागला, 'गुळुक्' करून बुडबुडे आले आणि पाणी एकदम खाली गेलं. वरून भर घातली. बुडबुडे थांबल्यावर झाकण लावलं. थोड्या वेळाने रेडिएटरचा पंखा फिरला. गॅलरीतून आवाज आला, "हा फिरला! हॉलमधला कधी फिरणार?"

तेवढ्यात काका "बघू तरी" म्हणत झाकणाकडे सरसावले. हात धरला म्हणून वाचले. आत दाब असतो, त्यामुळे शंभराच्या वर गेलेलं पाणीही गप्प बसतं. झाकण उघडलं की थेट तोंडावर.

आणि एक विनंती. जुनं कूलंट गटारात किंवा कुंडीत ओतू नका. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. डब्यात भरून, वर चिठ्ठी चिकटवून गॅरेजवाल्याकडे द्या. चिठ्ठी मोठ्या अक्षरांत लिहा. काका सगळ्याची चव घेतात.