शनिभाऊ

९ डिसेंबर २०२३ ला, शनिवारी सकाळी, शनिभाऊंनी गल्लीत पेढे वाटले. आम्हाला वाटलं, पोराचं जमलं. पेढा तोंडात टाकूनच विचारलं, "कुठली सोयरीक?"

"सोयरीक कायची गा? हॅले वापस फिरला ना आज!"

हॅले म्हणजे १९८६ साली येऊन गेलेला धूमकेतू. नेपच्यूनच्या कक्षेपलीकडे, सूर्यापासून सव्वापाच अब्ज किलोमीटरवर, तो त्या दिवशी आपल्या वाटेच्या शेवटच्या टोकाला पोचला होता आणि तिथून त्यानं घराकडे तोंड वळवलं होतं. पोचणार २०६१ च्या जुलैत. "गाडी तिकडून सुटली म्हना," भाऊ म्हणाले, "आता वरठी टेशनावर घ्याले जाची तयारी ठेवा." तेव्हा त्यांचं वय पंचाण्णव असेल. पेढा पोटात गेलेला असल्यामुळे हा हिशेब कुणी बोलून दाखवला नाही.

शनिभाऊंचं खरं नाव रेशन कार्डावर आहे, ते तिथंच राहू द्या. नोकरी वीज कंपनीत, लाइनमनची. भंडारा शहरात आणि आसपासच्या खेड्यांत चौतीस वर्षं ते खांबावर चढले, आणि खांबावर चढलेला माणूस बाकीच्या जगापेक्षा तीस फूट तरी शनीच्या जवळ असतो, असं ते गंभीरपणे सांगतात. दुर्बीण घरीच केलेली : सहा इंची आरसा, पीव्हीसीचा पाइप आणि पितळेची भांडी करणाऱ्या एका कारागिराकडून ओतून घेतलेली बैठक. त्या कारागिराला अजून वाटतं की आपण भाऊंना कसल्यातरी नव्या पद्धतीचा बंब करून दिला.

त्यांच्या आपुलकीचा एक नियम आहे. वस्तू जितकी लांब, तितकी माया जास्त. चंद्राकडे ते पाहतही नाहीत; तो गल्लीतला. मंगळ म्हणजे तालुक्याचं गाव. गुरूपासून पुढे त्यांचा चेहरा खुलायला लागतो आणि नेपच्यूनपाशी आवाज कातर होतो.

बाकी माणसांना लोडशेडिंग म्हणजे शिव्या द्यायची वेळ. भाऊंचा तो सुवर्णकाळ. कंपनीनं आकाशदर्शनासाठी काढलेली योजना असावी, तसे ते भारनियमनाच्या वेळापत्रकाबद्दल बोलत. १९९७ च्या एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला लटकला होता, तेव्हा आमच्या वॉर्डाची लाइन लागोपाठ तीन दिवस बरोबर सव्वासातला गेली. भाऊ म्हणाले, "डीपीवर लोड आला." धूमकेतू मावळला की लोड उतरायचा. त्याआधी १९९४ च्या जुलैत मात्र त्यांचा काही इलाज चालला नाही. शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे वीसेक तुकडे १६ ते २२ जुलै असे रांगेनं गुरूवर आदळत होते, पृथ्वीएवढे काळे डाग लहान दुर्बिणीतूनही दिसत होते, आणि आमच्याकडे ऐन रोवणीचं आभाळ. लाइन तोडता येते, ढग तोडता येत नाही. सगळा जिल्हा पावसानं खूश आणि हा एकटा माणूस सुतक पाळत बसलेला.

नावामुळे एक भानगड नेहमीची. शनीचा माणूस म्हणून लोक साडेसातीचा उपाय विचारायला येतात. भाऊ कुणाला परत पाठवत नाहीत. बसवतात, चहा देतात आणि गणित घालतात. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी बारा. म्हणजे एका राशीत जेमतेम अडीच, आणि तीन राशींची मिळून झाली साडेसाती. "पन बारकाईनं भागलं तं सात वर्षं न् साडेचार महिनेच भरतात जी. दीड महिना सूट." तेल-उडीद घेऊन आलेला माणूस दीड महिन्याची सूट घेऊन समाधानानं जातो. एवढा रोख फायदा कुठल्या ज्योतिषानं करून दिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

त्यांचा खरा जीव टायटनवर. भंडारा तलावांचा जिल्हा. आणि पृथ्वी सोडली तर ज्याच्या जमिनीवर भरलेली तळी सापडली असं सूर्यमालेत दुसरं ठिकाण एकच, शनीचा हा चंद्र. त्यामुळे टायटन हा भंडाऱ्याचा राहून गेलेला तालुका आहे, असं त्यांचं मत. तिथं उणे १७९ अंशांची थंडी, तळ्यांत पाण्याऐवजी द्रवरूप मिथेन, आणि पाऊसही त्याचाच. थेंब चांगले टपोरे, पण गुरुत्व कमी न् हवा दाट, म्हणून सावरीचा कापूस उतरावा तसे सावकाश येणारे. तिथल्या तळ्यांना पृथ्वीवरच्या तळ्यांची नावं देतात, एकाला ओंटारिओचं दिलंय, हे कळल्यावर भाऊंनी रीतसर अर्ज लिहिला : 'विषय – खांब तलावाचे नाव देणेबाबत'. खाली 'प्रत माहितीस्तव : मा. जिल्हाधिकारी'. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला आणि २००६ साली प्लूटो ग्रहांतून गेला, या दोन जखमा ते एकाच दमात सांगतात. उलट २०२५ च्या मार्चमध्ये शनीचे १२८ नवे चंद्र मान्य होऊन एकूण २७४ झाले, तेव्हा घरात पाळणा हलल्यासारखा आनंद. तिथं कोजागिरी करायची तर दूध किती लागेल, याची चर्चा पानठेल्यावर दोन दिवस चालली.

एकदा ते टायटनवरच्या पावसाचं वर्णन करत असताना वहिनी दारात आल्या. "तिकडच्या पान्याची खबर ठेवता जी, अन् अंगनात धान वाळत हाय थे कोन उचलन?" धान तोवर भिजलं होतं.

वहिनींचं आणि खगोलाचं एकदाच समोरासमोर झालं. युरेनस शोधणारा हर्शेल पेशानं वाजंत्री होता. आरसा घासताना हात काढता येत नसे, म्हणून त्याची बहीण कॅरोलिन त्याला घास भरवायची, हे भाऊंनी भावुक होऊन सांगितलं. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बहीन होती ना थे. बायको असती तं मालूम पडलं असतं." पुढे कॅरोलिननं स्वतः आठ धूमकेतू शोधले, हे सांगायची भाऊंची हिंमत झाली नाही.

आयुष्यात भाऊंना खरा मान मिळाला तो २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या संध्याकाळी. विदर्भाच्या आभाळातून जळत्या गोळ्यांची एक रांगच सरकत गेली. कुणी म्हणालं धूमकेतू, कुणी उल्का, कुणी सरळ युद्ध. अख्खी गल्ली भाऊंच्या दारात. ते ओरडून सांगत होते, "धूमकेतू पळत नाही गा! थो आठ-आठ दिस एका जागी बसल्यावानी दिसते. हे मानसाचं काम हाय." रात्री बातमी आली, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं कडं पडलं; चिनी रॉकेटचा तुकडा असावा, असं पुढे जाणकारांनी सांगितलं. लोकांना त्यातलं एवढंच पटलं की कडं पडलं, म्हणजे शनीचंच असणार.

२०२४ साली भाऊ निवृत्त झाले, आणि त्याच ऑक्टोबरात त्सुचिनशान-अॅटलस आला. ऐंशी हजार वर्षांनी आलेला पाहुणा, म्हणत होते. १४ तारीख, सोमवार. कोजागिरी दोन दिवसांवर, म्हणजे चांदणं भरपूर. वर रस्त्याचे नवे एलईडी दिवे. आणि लाइन आता दुसऱ्याच्या हातात. भाऊ गच्चीवर दुर्बिणीशी झटत होते. हलक्या धानाची कापणी सुरू झाली होती, खाली धुरकट थर होता. सव्वासहाला त्यांचा फोन वाजला. नवीन लाइनमन, पंचविशीतलं पोरगं.

"काका, किती वाजता लोड येते जी?"

भाऊंनी एकदा इकडे-तिकडे पाहिलं. "पावनेसातले."

पावणेसातला वॉर्ड काळा झाला. भाऊ दुर्बिणीला डोळा लावून पश्चिमेचा एकेक वीत तपासत होते, तोंडानं आकडे म्हणत होते, घाम पुसत होते. दहा मिनिटं गेली. आम्ही आठ-दहा जण श्वास धरून उभे. वहिनी वाळवण उचलायला वर आल्या, त्यांनी कमरेवर हात ठेवून मान वर केली.

"थे काय जी, शुक्राच्या उजव्या अंगाले, उभ्या झाडनीवानी?"

भाऊंनी डोळा काढला. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्हीही नाही.

"दिसला ना?" वहिनी म्हणाल्या. "आता थ्या पोराले लाइन सोडाले सांगा. मोटार लावाची हाय."